हिरवी कांडी, चामड्याचा पट्टा आणि वस्तऱ्याची धार

गेल्या महिन्यात भाचा एक खोकं घेऊन घरी आला. आत घडीचा वस्तरा, हातभर लांबीचा चामड्याचा पट्टा आणि झिजत आलेल्या साबणाच्या वडीएवढी एक हिरवी कांडी. सोबतच्या कागदावर दोनच ओळी होत्या: कांडी पट्ट्यावर घासा, वस्तरा फिरवा. किती घासायची, किती वेळा फिरवायचा, रोज की सणासुदीला, याचा कुठे पत्ता नाही. "मामा, तुम्ही टूलरूममध्ये होतात ना? मग सांगा."

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात माझी पंचवीस वर्षं धातू घासण्यात गेली, त्यामुळे घरात धारेचा प्रश्न निघाला की तो माझ्याकडेच येतो. त्यात २०२७चा सिंहस्थ जवळ येतोय. रामकुंड, मुंडन, न्हावी, वस्तरा हा विषय पंचवटीत चहाच्या टपरीवरही निघतो. भाच्यानंतर आणखी दोघांनी हेच विचारलं. तिघांचाही समज एकच होता, की पेस्ट म्हणजे पॉलिश. बुटाला लावतात तसं वस्तऱ्याला लावायचं आणि चमकवायचं. हा समज दूर झाला की बाकीचं आपोआप कळतं.

धार म्हणजे नेमकं काय?

वस्तऱ्याच्या पात्याला दोन बाजू असतात. वर जाड पाठ, तिथून दोन्ही बाजू निमुळत्या होत खाली एकमेकींना भेटतात. त्या भेटीच्या रेषेला आपण धार म्हणतो. कागदावर ती रेषा असली तरी पोलादात तिला रुंदी असतेच. ही रुंदी जितकी कमी तितकी धार चांगली, एवढीच धारेची व्याख्या.

इथे एक माप लागेल, मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. दाढीचा खुंट बहुतेक त्याच्या वरच्या टोकाला, कधी त्याहूनही जाड. चांगल्या लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेची रुंदी असते अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा शे-दोनशे धारा शेजारी शेजारी मावतील.

दुसरी गोष्ट कोनाची. भाच्याचा वस्तरा मी कॅलिपरने मोजला. पाठ ५ मिलिमीटर जाड, पाठीपासून धारेपर्यंत पातं १८ मिलिमीटर रुंद. या दोन आकड्यांवरून कोन निघतो सुमारे १६ अंश. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. वस्तऱ्याची गंमत अशी की हा कोन आपल्याला हाताने धरावा लागत नाही. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि कोन आपोआप जमतो. ज्याने कुणी पहिल्यांदा पाठ मुद्दाम जाड ठेवली, तो माणूस हुशार. ही पाठ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मऊ केसाने पोलाद कसं बोथट होतं?

हा प्रश्न मला कारखान्यात शिकाऊ पोरंही विचारायची. पोलाद केसापेक्षा कितीतरी कडक, मग झिजतं कसं? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. त्यांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या रेझरचं पातं घेतलं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि त्याच्याकडून केस कापून घेतले. पातं केसापेक्षा पन्नास पट कडक असूनही धारेचे बारीक टवके उडताना दिसले. केस पात्याला सरळ काटकोनात भेटला तर फारसं काही होत नाही. तो वाकतो, तिरका भेटतो, आणि नेमका त्याच जागी पोलादाच्या पोटातला कडक भाग नि जरा मऊ भाग शेजारी शेजारी आलेला असला, की टवका निघतो. म्हणजे धार सगळीकडे सारखी घासली जात नाही, एखाद्या ठिकाणी तुटते.

दुसरा शत्रू गंज. जुन्या पद्धतीचे वस्तरे बहुतेक कार्बन पोलादाचे, म्हणजे न गंजण्याची हमी नसलेले. अर्ध्या मायक्रॉनच्या धारेला गंज लागायला पाण्याचा एक थेंब आणि नाशिकमधली श्रावणातली एक रात्र पुरते. पातं वरून चकचकीत दिसतं आणि धार मात्र गेलेली असते. दाढीनंतर वस्तरा कोरडा करायचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. खोबरेल तेल नको. निफाडकडून गार वारा सुटला की आमच्या घरातली खोबरेलाची बाटली थिजते, पात्यावरचं तेल काय वेगळं राहणार!

नुसता पट्टा काय करतो?

आधी पेस्टशिवायचा पट्टा. लहानपणी पंचवटीत आमच्याकडे येणारे न्हावीकाका धोकटीतून पट्टा काढायचे, एक टोक खिडकीच्या गजाला अडकवायचे, दुसरं डाव्या मुठीत ताणून धरायचे. मग वस्तरा आडवा टेकवून सप्पक, पलटून परत सप्पक. मला त्या आवाजाचंच आकर्षण होतं. दोन्ही वेळा आवाज अगदी सारखा यायचा, आणि नसला तर काका थांबून पट्टा पुन्हा ताणायचे. ढिल्या पट्ट्यावर आवाज भसाडा येतो, हे मला फार उशिरा कळलं.

या फिरवण्यात दोन नियम असतात. पाठ पुढे, धार मागून ओढली जाते. कणिक थापताना हाताची कड ओढावी तसं. आणि टोकाशी आल्यावर वस्तरा पाठीवर पलटायचा, धार वरून फिरवायची. उलटं केलंत तर धार पट्ट्यात शिरते. दाब वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. बोटांनी दाबायचं काम नाही.

नुसतं चामडं पोलाद जवळजवळ काढत नाही. दाढीत कुठे जरासं वाकलेलं धारेचं टोक ते सरळ करतं, साबणाचा आणि गंजाचा बारीक थर पुसतं, आणि धारेचा पृष्ठभाग थोडा गुळगुळीत करतं. दाढीआधी चाळीस-पन्नास फेऱ्या पुरेत. काही पट्ट्यांना मागे कापडाचा दुसरा पट्टा जोडलेला असतो. आधी त्यावर पंधरा-वीस फेऱ्या, मग चामड्यावर. हे रोजचं काम, दात घासण्यासारखं. यात कुठेही पेस्ट नाही.

पण टवका उडाला असेल तर पट्टा तो भरून काढू शकत नाही. धारेच्या रेषेत खड्डा पडला की आजूबाजूचं पोलाद काढूनच रेषा पुन्हा सरळ करावी लागते. काढायला काहीतरी खरखरीत हवं. इथून पेस्टची गोष्ट सुरू होते.

मग कांडीत असतं काय?

रवा, कणीक आणि मैदा डोळ्यांसमोर आणा. तिन्ही गव्हाचे, फरक दाण्याच्या आकारात. धार लावायच्या साहित्याचंही तेच. एक हजार नंबरच्या दगडातला दाणा साधारण १५ मायक्रॉनचा, हा आपला रवा. आठ हजार नंबरच्या दगडातला दोनेक मायक्रॉनचा, ही कणीक. आणि वस्तऱ्याच्या हिरव्या पेस्टमधला दाणा, चांगली पेस्ट असेल तर, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. मैद्याहून मैदा.

हिरवा रंग क्रोमियम ऑक्साइडचा. त्याची भुकटी मेणात किंवा तेलात मळून कांडी करतात. मेण फक्त दाणे पट्ट्याला चिकटवायला, घासायचं काम दाण्यांचं. लाल पेस्टमध्ये सहसा लोहाचा ऑक्साइड असतो. आपल्या सराफ बाजारात दागिन्याला शेवटची झळाळी देताना जो लाल मसाला वापरतात, त्याच जातीचा. त्याचा दाणा आणखी बारीक करता येतो, पण तो हिरव्याइतका कडक नसतो. तिसरी जात हिऱ्याच्या भुकटीची. ही अर्धा, पाव, अगदी एक दशांश मायक्रॉनपर्यंत मिळते आणि कडकपणात तिच्यापुढे कुणी नाही. चौथा आपला कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड. इंग्रजी कोरंडम हा शब्दच मुळात तमिळ कुरुंदम आणि आपल्याकडच्या कुरुंदाकडून तिकडे गेला. सहाण आणि निसण्याच्या या देशाला त्याचं श्रेय मिळालंच पाहिजे.

एक सावधगिरी. रंगावरून दाणा ओळखता येत नाही. एका कारखान्याची हिरवी कांडी वस्तऱ्याची असते, दुसऱ्याची हिरवी कांडी स्टीलचे नळ चमकवायची असते आणि तिच्यात जाडा कुरुंद मिसळलेला असतो. सातपूरच्या बफिंगच्या दुकानातून स्वस्तात आणलेली वडी दिसायला हुबेहूब तशीच. वेष्टनावर दाण्याचा आकार मायक्रॉनमध्ये छापलेला नसेल, तर ती वडी विळी-सुरीसाठी ठेवा.

तर पेस्ट पॉलिश आहे की घासणारी? चिंचेने तांब्याची कळशी उजळते तेव्हा चिंच तांब्यावरचा काळा थर विरघळवते. तांबं जागेवर राहतं. रांगोळीने पितळ घासलं तर पितळेचा कण निघून जातो, फडक्यावर काळं उतरतं ते तेच. पेस्ट ही रांगोळीच्या बाजूची. पेस्ट लावलेल्या पट्ट्यावर दहा फेऱ्या मारा आणि बघा, हिरव्या रंगावर राखाडी-काळे पट्टे उमटतात. ते काळं म्हणजे तुमचा वस्तरा. पेस्ट लावलेला पट्टा हा अतिशय बारीक दाण्याचा दगडच आहे, फक्त मऊ बैठकीवर मांडलेला. पेस्टचे सगळे फायदे दाण्यात आहेत आणि सगळे तोटे या बैठकीत.

बैठकीचा घोटाळा

गादीच्या मधोमध बसा आणि आजूबाजूला बघा. तुम्ही बसलात तिथे गादी दबते आणि लगेच बाजूला वर उठते. चामड्यावर वस्तरा ठेवला की हेच होतं, फक्त डोळ्याला दिसणार नाही इतकं. पात्याखाली चामडं दबतं, आणि पातं पुढे सरकताना धारेच्या मागे ते पुन्हा वर उसळतं. उसळताना ते धारेच्या अगदी टोकाला घासतं, आणि घासतं ते १६ अंशांपेक्षा मोठ्या कोनात. पाठीने जो कोन इतक्या निगुतीने सांभाळला होता, तो शेवटच्या काही मायक्रॉनमध्ये बिघडतो.

नुसतं चामडं पोलाद काढत नाही, म्हणून ही उसळी तिथे चालून जाते. दाणे लावले की तीच उसळी टोक गोल करायला लागते. एकदा-दोनदा केलं तर फायदाच होतो: टवक्यांच्या कडा जातात, धार हाताला आणि गालाला मऊ लागते. पन्नास वेळा केलं तर भाल्याच्या टोकाचं होतं मुसळाचं टोक.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आजोबांचा वस्तरा माझ्या हाती आला तेव्हा टूलरूममध्ये माझा हात बसलेला होता आणि आपल्याला सगळं येतं अशी समजूतही. पहिल्या वेळी पेस्टवर वीस फेऱ्या मारल्या आणि दाढी लोण्यासारखी झाली. मग रोज वीस. मग रोज पन्नास, कारण जास्त म्हणजे चांगलं. तीनेक आठवडे मी खूश होतो. चौथ्या आठवड्यात हनुवटीखाली केस ओढायला लागले. मी आणखी पेस्ट लावली. त्याने दोन दिवस बरं वाटलं, मग आणखी वाईट. शेवटी सराफाकडे काम करणाऱ्या एका मित्राची दहापट मोठं दाखवणारी भिंग मागून आणली, वस्तरा दिव्याखाली धरला. धारेच्या टोकावरून मुठीकडच्या टाचेपासून पुढच्या नाकापर्यंत चांदीच्या तारेसारखी एक रेघ चमकत होती. चांगली धार उजेड परत पाठवतच नाही, कारण उजेड पडायला तिथे जागाच नसते. रेघ दिसते याचा अर्थ तिथे सपाटी झाली. मी पेस्टने वस्तरा चकचकीत करता करता बोथट केला होता. आठ हजारच्या दगडावर तो परत जागेवर आणायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि आजोबांच्या वस्तऱ्याचं तेवढं पोलाद कायमचं गेलं.

तरीही पेस्ट लावायचीच कशाला?

कारण ती कामाची आहे. दगडावर वस्तरा लावायला सवय लागते, दगड सपाट ठेवावा लागतो, चांगला बारीक दगड महाग पडतो. पेस्टच्या दहा-पंधरा फेऱ्या दोन मिनिटांत होतात, आणि दगडाकडे जायची वेळ काही आठवडे पुढे ढकलतात. दुसरं म्हणजे आठ हजारच्या दगडानंतर धारेवर दोन मायक्रॉनच्या दाण्याचे ओरखडे उरतात. अर्ध्या मायक्रॉनचा दाणा ते ओरखडे उतरवतो. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना हा फरक दाढीनंतर तुरटी फिरवताना लगेच कळतो, झोंबणं कमी होतं.

माझा हिशोब असा. नुसत्या पट्ट्यावर फिरवूनही केस ओढायला लागले, तरच पेस्ट. रोज दाढी करणाऱ्याला ते साधारण आठ-दहा दाढ्यांनंतर जाणवतं, दाट दाढीवाल्याला आधी. पेस्टवर दहा ते पंधरा फेऱ्या, बस. असं तीन-चार वेळा केलं की पुढच्या खेपेला दगड. पेस्टने भागलं नाही म्हणून फेऱ्या वाढवायच्या नाहीत. भागत नाही हाच दगडाकडे जायचा निरोप.

लावायची कशी

रोजच्या पट्ट्याला पेस्ट लावू नका, कधीच. एकदा चामड्यात दाणे शिरले की ते निघत नाहीत, मग रोजची फेरी म्हणजे रोजचं घासणं. पेस्टसाठी वेगळी पट्टी ठेवा, किंवा कापडाच्या पट्ट्याची मागची बाजू. मला स्वतःला लाकडी पट्टी आवडते. बाल्सा या हलक्या लाकडाची फळी मिळाली तर उत्तम. ते लाकूड दाणे धरून ठेवण्याइतकं मऊ आणि गादीसारखं उसळणार नाही इतकं घट्ट असतं. नाहीतर एमडीएफचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीचा, सपाट तुकडा घ्या आणि त्यावर साधा कागद चिकटवा. सपाट आहे का ते खिडकीच्या काचेवर ठेवून बघा. डुगडुगला तर दुसरा तुकडा. बैठक घट्ट झाली की वर सांगितलेला गादीचा घोटाळा बराचसा मिटतो.

पेस्ट किती? कुंकू लावतो तेवढी. कांडीने पट्टीवर आडव्या-उभ्या पाच-सहा विरळ रेघा ओढायच्या, बोटाने पसरायच्या. खालचं लाकूड हिरव्या धुक्यातून दिसत राहिलं पाहिजे. साय जमल्यासारखा थर दिसला तर तो खरवडून काढा, कारण जाड थरात पातं रुततं आणि पुन्हा टोक गोल व्हायला लागतं. एकदा लावलेली पेस्ट महिनोन्‌महिने चालते. पट्टी काळी पडली म्हणून घाबरून नवा थर चढवायची गरज नाही.

फिरवायची रीत रोजचीच. पाठ पुढे, पाठीवर पलटी, वजन फक्त वस्तऱ्याचं. झाल्यावर पातं फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा, साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मगच रोजच्या पट्ट्यावर न्या. न पुसता नेलंत तर रोजचा पट्टाही हिरवा होईल. आणि दोन जातींची पेस्ट एका पट्टीवर नाही. मैद्यात चार दाणे रव्याचे पडले तर चाळणी आहे. इथे चाळणी नाही.

"गॅरेजमध्ये मिळते ती पेस्ट चालेल का?"

व्हॉल्व्ह बसवायला मेकॅनिक जी काळी चिकट पेस्ट वापरतात ती? अजिबात नाही. तिच्यातला दाणा वस्तऱ्याच्या धारेपेक्षा कितीतरी पट जाडा. एका फेरीत धारेची करवत होईल. टूथपेस्टबद्दलही विचारतात. टूथपेस्टमध्ये घासणारे दाणे असतात हे खरं, पण ते दातांसाठी. आकार काही मायक्रॉनचे आणि एकसारखे नसतात. चष्म्याच्या काडीवरचा ओरखडा घालवायला वापरा हवी तर.

वर्तमानपत्राचं मात्र खरं आहे. जुने लोक घडी घातलेल्या कागदावर वस्तरा फिरवायचे आणि त्याने फरक पडायचा. छपाईच्या शाईत काजळी असते, कागदात खनिजाची बारीक भर असू शकते. दोन्ही मिळून फार सौम्य पेस्ट तयार होते. ज्याला कांडी विकत घ्यायची नाही त्याने कडक पुठ्ठ्यावर वर्तमानपत्र ताणून बसवावं आणि बघावं. फुकट आहे.

"क्रोमियम विषारी असतं ना?"

हा प्रश्न भाच्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने विचारला, आणि तो रास्त आहे. अंबड-सातपूरच्या प्लेटिंगच्या कामात ज्या क्रोमियमची भीती असते ते षट्संयुजी रूप. ते पाण्यात विरघळतं, शरीरात जातं आणि कर्करोगाला कारण ठरू शकतं. हिरव्या कांडीतलं क्रोमियम ऑक्साइड हे त्रिसंयुजी रूप. ते पाण्यात विरघळत नाही आणि फारसं कशाशी मिसळत नाही, म्हणून रंगांमध्येही वापरतात. आज बाजारात मिळणारं बहुतेक चामडं कमावतानाही त्रिसंयुजी क्रोमियमच वापरतात, म्हणजे पायातल्या चपलेतही ते असतं. तरी कोरडी भुकटी घेऊन स्वतः कांडी करायला बसू नका. कोणतीही बारीक भुकटी श्वासात जाणं वाईटच. आणि पेस्टनंतर पातं धुतल्याशिवाय गालाला लावू नका. विषामुळे नाही, दाणा कापलेल्या जागी शिरला तर आग होते म्हणून.

"मग सलूनमध्ये हे का दिसत नाही?"

कारण सलूनमध्ये आता खरा वस्तराच राहिलेला नाही. रामकुंडावर मुंडन करतात तेही अर्ध्या ब्लेडने. ब्लेड मधून मोडायचं, अर्धं मुठीत बसवायचं, एका गिऱ्हाइकानंतर फेकायचं. हातात वस्तऱ्यासारखंच दिसतं, पण धार लावायचा प्रश्नच येत नाही. तसल्या ब्लेडला पेस्ट दाखवायचीही गरज नाही.

हा बदल योग्य झाला. एकाच वस्तऱ्याने दहा जणांची दाढी केली तर एकाच्या रक्तातून दुसऱ्याला कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही जाऊ शकतो. वस्तरा एक वेळ जंतुनाशकात बुडवता येईल. पट्ट्याचं काय करणार? चामडं सच्छिद्र, ते ना उकळता येतं ना पूर्ण धुता येतं. पेस्ट लावलेलं तर नाहीच. म्हणून पट्टा आणि पेस्ट हा घरातला, एका माणसाच्या एका वस्तऱ्याचा मामला आहे. बाप-लेकांनीसुद्धा वेगळे वस्तरे, वेगळे पट्टे ठेवावेत.

धार आली हे ओळखायचं कसं?

नखावर टेकवून बघणारे पुष्कळ आहेत. नका करू, नुकती लावलेली धार नखावरच मोडते. केस लटकता धरून वस्तऱ्याने तोडून दाखवणारेही आहेत. दिसतं झकास, पण केस कुणाचा, तेल लावलेला की धुतलेला, यावर निकाल बदलतो. माझ्याकडे दोनच कसोट्या. एक ती भिंग आणि दिवा: रेघ चमकली तर धार नाही, ठिपके चमकले तर तिथे टवके आहेत. दुसरी म्हणजे दाढीच. गरम पाण्याने खुंट तीन मिनिटं भिजवा, फेस करा आणि गालावरून सुरुवात करा. हनुवटीवर आलात की वस्तरा सगळं खरं बोलतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली, पट्टा दाराच्या कडीला अडकवला, पहिली फेरी सुरेख मारली आणि टोकाशी येऊन वस्तरा धारेकडून पलटला. नव्या कोऱ्या पट्ट्याला बोटभर चीर. कडा पॉलिश पेपरने घासून बसवल्या, आणि त्या पट्ट्याच्या मागच्या बाजूला बॉलपेनने "पेस्ट" असं लिहून टाकलं. रोजच्यासाठी दुसरा पट्टा मागवलाय, तो अजून आलेला नाही.